खाली पाहिलं की ताई

बसा, सांगते. काम तसं किरकोळच होतं. एक शरीर पुसायचं होतं.

मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. आमच्या गेममध्ये खेळणारा पात्राच्याच डोळ्यांनी बघतो. मान खाली घातली की त्याचं पोट, पाय, हात आपलेच असल्यासारखे दिसतात. ते शरीर माझ्या ताईचं होतं. अंगभर ठिपके चिकटवून आम्ही तिला हॉलमध्ये चालवलं आणि कॅमेऱ्यांनी तिची चाल गेममध्ये उतरवून घेतली. "चाल तुम्ही ठेवून घेतलीत, आता मी घरी कशी जाऊ?" म्हणत तिने सगळ्यांना हसवलं होतं. पुढच्याच वर्षी ती गेली. घरी तिचे फोटो आहेत, पण चालणारी ताई फक्त इथेच उरली होती.

"ते शरीर काढून टाक," साहेब म्हणाले. "खेळताना लोकांना गरगरतंय. त्याजागी नुसते दुसरे कुठलेही हात लाव."

दुपारी सगळे जेवायला गेले. मी दिवे मालवले, हेडफोन चढवला, गेम सुरू केला आणि शेवटचं तिच्याबरोबर चालायला निघाले. खाली पाहिलं. उजवा पाय जरासा बाहेर टाकत ताई चालली होती.

गेममधली शेवटची खोली रिकामी. मीच बनवलेली, चार भिंती आणि एक अर्धवट उघडं दार. दारापाशी पाय थांबले. मी बटण दाबतेय, दाबतेय, पण ताई हलेना. मग कानात श्वास ऐकू आला... तिचाच. आम्ही तिचा आवाज कधी रेकॉर्डच केला नव्हता.

दारापलीकडे काहीतरी जड सरकलं...

तिचा उजवा तळहात वर आला आणि स्क्रीन काळी झाली. लहानपणी मी घाबरेन असं काही दिसलं, की ती अशीच माझे डोळे झाकायची.

"ताई...?"

बऱ्याच वेळाने हात खाली आला. दार आता बंद होतं आणि डावा हात ते रेटून धरून होता.

"शरीर राहील, नाहीतर मी जाते," मी साहेबांना तोंडावर सांगितलं. ते चडफडले, पण ऐकलं. ती गेली तर दार कोण धरणार, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

आता रोज दुपारी मी तिथे जाऊन उभी राहते. "मी आहे गं," म्हणते. तिचा हात अजून दारावरच आहे. फक्त कोपर रोज थोडं जास्त वाकतंय.