रेघेपर्यंतचा पाऊस

सकाळी बरोब्बर साडेआठला टेकडीवरच्या पर्जन्यमापकातला पाऊस मोजून आणायचा, एवढ्याचसाठी तिघं जण निघाली होती. आणायचा म्हणजे आकडा! खरोखरचा पाऊस पाठीवर वाहून आणावा लागेल, असं निघताना कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

महादेवराव भूगोलाचे निवृत्त मास्तर. अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी घर आणि वर टेकडीवर त्यांचा पर्जन्यमापक. अकरा वर्षांत त्यांच्या वहीतला एकही रकाना रिकामा नव्हता. दोन हजार एकवीसच्या त्या वर्षी मे महिन्यात अरबी समुद्रात तौक्ते वादळ उठलं, मागोमाग बंगालच्या उपसागरात यास. त्या दिवसांचे शिंतोडेसुद्धा मास्तरांनी मोजून लिहिले. आता सप्टेंबरच्या शेवटी त्याच उपसागरातून गुलाब आलं. आंध्राच्या किनाऱ्यावर त्याचा जोर मोडला, पण ढग घेऊन ते विदर्भावर चालून आलं. आणि नेमका तेव्हाच मास्तरांचा पाय प्लास्टरमध्ये!

म्हणून त्यांची मुलगी हर्षा निघाली. मापकातल्या कॅनमध्ये दोनशे मिलिमीटर पाऊस मावायचा. त्यावर गेला की सांडला, आणि अकरा वर्षांची वही तुटली. सोबत दुर्गाबाई गवळण होती, तिचा गोठा वरच होता. आणि जीपवाला बंडू होता, ज्याच्या तोंडाला कुलूप लावायचं देवाकडून राहूनच गेलं होतं.

जाताना वाटेतला मोरनाला ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. पुढची चढण मात्र नुसता चिखल आणि शेवाळ. "ताई, हे गुलाब नाही, काटे हायेत!" बंडू म्हणाला, आणि म्हणता म्हणता पाठीवरच्या पिशवीसकट सपशेल आडवा झाला. आत काच खळ्ळकन वाजली. मोजायचं माप फुटलं होतं.

"आता काहून बोलत नाहीस?" दुर्गाबाईने विचारलं.

घरी दुसरं माप होतं, म्हणजे आता पाऊसच घरी न्यायचा. साडेआठच्या ठोक्याला हर्षाने मापकातून कॅन काढला. जवळजवळ भरला होता, पण सांडला नव्हता! तिने त्या जागी तिथलाच जादा रिकामा कॅन ठेवला आणि भरलेल्याचं झाकण घट्ट लावलं.

"थांब." आतलं पाणी बाहेरून दिसणारा तो प्लास्टिकचा कॅन दुर्गाबाईने सपाट दगडावर ठेवला, कमरेला खोचलेला खिळा काढला आणि पाण्याच्या पातळीला बाहेरून बारीक रेघ ओढली.

"मावशी, हे दूध नाही," हर्षा हसली.

"माह्या हातून कॅन बिनरेघेचा जात नाही. वाटेत कोण पिते, कोण पाणी घालते, मले काय ठाऊक!"

तिघं उतरून आली तर नाल्याने रूप पालटलं होतं. कमरेइतकं गढूळ पाणी, त्यात लाकडं वाहत होती. "गोठ्यावर थांबू," दुर्गाबाई म्हणाली. पण हर्षाला वहीपुढे काही दिसत नव्हतं. "बाबा वाट पाहून राहिले, मावशी. आता गेलो नाही त दिवसभर जमत नाही."

दुर्गाबाईने गोठ्यावरून खांद्यावर घेतलेलं गाईचं लांब दावं काढलं. एक टोक या काठच्या झाडाला बांधलं, दुसरं कमरेला बांधून ती पलीकडे गेली. तिथे तिने ते अर्जुनाच्या बुंध्याला आवळलं. पाठीवर कॅन घेऊन हर्षा दाव्याला धरून पार झाली. शेवटी बंडू. त्याने या काठच्या झाडाचं टोक सोडलं.

"कमरेले बांध रे!" दुर्गाबाई ओरडली.

बंडूने मनगटाला दोन वेढे दिले, बस. मधोमध एक ओंडका आला. बंडूचा पाय सुटला. दावं सुटलं! तो गटांगळ्या खात गेला आणि खाली वाकलेल्या जांभळीच्या फांदीला लोंबकळला.

अर्जुनाचं दावं सोडवून दोघी काठाने धावल्या. हर्षाने दावं फेकलं. ओलं दावं मध्येच बुडालं. पुन्हा फेकलं. पुन्हा बुडालं! फांदी कडकडली.

हर्षाच्या मनात आलं, याला पाण्यात घातलं आपणच. तिने पाठीवरचा कॅन ओढला. अकरा वर्षं डोळ्यांपुढून गेली. तिने झाकण उघडलं आणि कॅन उपडा केला. भडाभडा पाऊस नाल्यात गेला. झाकण लावलं, कॅनच्या कडीला दावं बांधलं आणि रिकामा कॅन वरच्या अंगाला सोडला. तो तरंगत, गिरक्या घेत आला.

"धर, बंडू! धर!"

बंडूने दोन्ही हातांनी मिठी मारली. तेवढ्यात फांदी मोडली. दोघींनी टाचा रोवून ओढलं, आणि बंडू काठाला लागला. खोकला थांबल्यावर पहिलं वाक्य, "ताई, पाऊस कुठी गेला?"

"मसणात गेला पाऊस!" हर्षा म्हणाली आणि मग ढसाढसा रडली.

घरी मास्तर वही उघडून बसले होते. हर्षाने सगळं सांगितलं, थांबायला नको म्हटलेलंही. "रकाना रिकामा राहिला, बाबा."

मास्तरांनी आधी बंडूला टॉवेल दिला. "राहू दे. त्यात काय."

"काहून रिकामा?" दुर्गाबाईने कॅन पुढे सरकवला. "रेघ काय शोभेले ओढली मी?"

मास्तरांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग हर्षा पळत जाऊन घागर घेऊन आली. कॅन रेघेपर्यंत भरला. पाणी काचेच्या मापाने मोजायचा मान बंडूने हट्टाने घेतला, आणि या वेळी त्याने माप तान्ह्या लेकरासारखं धरलं. एकशे अडुसष्ट मिलिमीटर!

मास्तरांनी आकडा लिहिला. शेजारी शेऱ्याचा रकाना अकरा वर्षं बहुतेक कोराच असायचा. त्यात त्यांनी सावकाश लिहिलं: 'पाऊस वाटेत सांडला. माणूस आणला.'