घोंगडीतली काच

सकाळी अकरा वाजता आमच्या अंगणात सात मोठी माणसं खाजवत बसली होती. सरपंच मालनकाकू मान खाजवत होत्या, पवनचक्की कंपनीचे देवकाते साहेब कोपरं खाजवत होते, आणि माझे आजोबा, आबा, तर खांबाला पाठ घासत होते. "खाजकुइली असंल," म्हणून सगळे मोकळे झाले. अहो, आमच्या खडकमाळच्या पठारावर खाजकुइली औषधालाही सापडत नाही. पण खरं कारण शोधायची घाई माझ्याशिवाय कुणालाच नव्हती.

मी शिवन्या झोरे, वय बारा. घरात मला शिवू म्हणतात. त्या दिवशी माझा जीव नुसता वरखाली होत होता, कारण चार वाजता ग्रामसभा होती, आणि त्याआधीची बोलणी करायलाच ही मंडळी आली होती. पठारावरच्या जुन्या पवनचक्क्या उतरवून झाल्या होत्या आणि त्यांची एकशे वीस पाती माळावर आडवी पडली होती. देवकाते साहेबांना ती आमच्या जुन्या दगडखाणीत टाकून वर माती ओढायची होती. त्या खाणीत मे महिन्यापर्यंत पाणी टिकतं. आमच्या म्हशी तिथंच पाणी पितात, आणि नळ आटले की आम्हीसुद्धा तिथूनच भरतो. खाण बुजली तर उन्हाळ्यात म्हशी घेऊन घाटाखाली उतरायचं, एवढाच उपाय.

पण आधी खाजेचा छडा लावायचा होता. म्हशींना खाज नव्हती, आईला नव्हती, मलाही नव्हती. मग खाजवणाऱ्यांत सारखं काय? सातही जण आबांच्या काळ्या घोंगडीवर बसले होते. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला घोंगडीच अंथरतात. खुर्च्या असल्या तरी त्या रिकाम्या राहतात. आणि हीच घोंगडी आबांनी काल खोळ करून डोक्यावर घेतली होती, वारा लागू नये म्हणून. काल ते काय करत होते? गोठ्याला छप्पर हवं, म्हणून एका जुन्या पात्याचा तुकडा ग्राइंडरने कापत होते.

तेवढ्यात बायडाआत्या आली. आत्या कराडला एका प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आहे. तिने घोंगडीवर फोनचं भिंग धरलं. लोकरीत बारीक बारीक चमकत्या सुया अडकल्या होत्या.

"काच आहे ही," आत्या म्हणाली. "आबा, तोंडाला फडकं न बांधता, पाणी न मारता कापलंत ना? उठा सगळे. अंग चोळू नका, गार पाण्याने नुसतं धुवा."

"पात्यात काच कुठून आली?" मी विचारलं.

"पातं हलकं हवं आणि वादळात मोडायलाही नको. म्हणून काचेच्या धाग्यांचं कापड थरावर थर अंथरतात आणि त्यात रेझिन (धाग्यांना घट्ट धरून ठेवणारा पातळ चीक) मुरवतात. तापवलं की ते कडक होतं. अशा जोडीला संमिश्र (दोन पदार्थांचे गुण एकत्र आणणारा पदार्थ) म्हणतात."

"मग परत तापवून वितळवा की."

"गूळ तापवला तर काय होतं?"

"पातळ होतो. थंड झाला की पुन्हा घट्ट."

"आणि भाकरी?"

"करपते."

"रेझिन भाकरीसारखं. कडक होताना त्याचे रेणू (पदार्थाचे अतिशय सूक्ष्म कण) एकमेकांचे हात धरतात आणि मग सोडतच नाहीत. म्हणून पातं वितळत नाही, कुजतही नाही."

"म्हणजे पुरायचंच?" मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"ऐकून तरी घे. सभेत दाखवायला माझी टाकी गाडीतून आणली आहे. तिच्यातल्या द्रावणात उत्प्रेरक (स्वतः न संपता दुसऱ्याचं काम लवकर घडवून आणणारा पदार्थ) आहे. तो नेमक्या जागी ते हात सोडवतो. तीन तास लागतात."

साडेबारा वाजले होते. आबांनी कापलेला हातभर तुकडा टाकीत गेला. मी दर दहा मिनिटांनी टाकीला कान लावत होते. साडेतीनला आत्याने आत डोकावून 'अजून नाही' अशी मान हलवली. तुकडा जाड होता आणि वर रंगाचा थर होता. चार वाजले तरी तो तसाच होता.

शाळेच्या मैदानात सभा भरली. देवकाते साहेब शांतपणे म्हणाले, "ही पाती विष सोडत नाहीत. शंभर वर्षं आहेत तशी राहतील."

मी उभी राहिले. "तेच तर. शंभर वर्षं तिथं पाणी साठणार नाही."

"शिवू, खाली बस," मालनकाकू म्हणाल्या.

"बोलू दे तिला," आबा म्हणाले. "सकाळधरनं तिनंच काय ते शोधलंय."

मग मी बोलतच सुटले. काच, रेझिन, गूळ, भाकरी, सगळं सांगितलं. निम्मं मला कळलं होतं, निम्मं सांगता सांगता कळलं. पंचवीस मिनिटांनी आत्याने हाक मारली आणि टाकी सभेत आणली. हातमोजे घालून तिने चिमट्याने तुकडा वर काढला. पातं उरलंच नव्हतं. ओलं, पांढरं, विणलेलं काचेचं कापड लोंबत होतं, आणि खाली तपकिरी द्रव राहिला होता. त्यापासून पुन्हा रेझिन बनवता येतं, असं आत्या म्हणाली.

"अशी एकशे वीस पाती व्हायला किती दिवस?" मी विचारलं.

आत्याने मला खोटं सांगितलं नाही. "या टाकीने साठ-सत्तर वर्षं."

मला टाकीला लाथ घालावीशी वाटली. पण आत्या सभेकडे वळून म्हणाली, "मोठी टाकी दोन वर्षांत उभी राहील. तोवर पाती माळावर झाकून ठेवता येतील. काही सिमेंटच्या भट्टीत जातील. तिथं रेझिन जळण होतं आणि काच सिमेंटमध्ये मिसळते. धूर गाळावा लागतो, पण पुरण्यापेक्षा ते बरं."

देवकाते साहेबांनी दोन फोन केले. मग घाम पुसत म्हणाले, "ठीक आहे. खाण राहू दे."

सगळे उठायला लागले, पण मी जागची हलले नाही. "साहेब, आता नवी पाती चढणार आहेत. ती उतरली की कुठं जाणार?"

"ते अजून ठरलेलं नाही," साहेब म्हणाले.

"सौम्य आम्लात हात सोडणारं रेझिन आहे," आत्या म्हणाली. "ते मागा."

मालनकाकूंनी ठरावाची वही माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं: 'खडकमाळच्या पठारावर कोणतंही पातं चढवण्याआधी, ते उतरल्यावर कुठं जाईल हे लिहून द्यावं. तोवर ते चढणार नाही.' गावाने हात वर केले. देवकाते साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी आमच्या म्हशी खाणीत पाण्यावर उतरल्या. नवी पाती पंचवीस वर्षांनी म्हातारी होतील तेव्हा मी सदतीस वर्षांची असेन, आणि ती उतरवायला मीच येणार आहे.