साडेपाच तास पुढे

१९८८ साली मी निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. कामगारांच्या हजेरीसाठी मालकांनी संगणक आणला आणि वखारीत वाचणारा माणूस म्हणून मला बेळगावात शिकायला धाडलं. त्या यंत्रातली कोष्टकं प्रत्येक नोंदीची वेळ ग्रिनिचची धरून ठेवत आणि पडद्यावर दाखवताना तिच्यात साडेपाच तास मिळवत. हे मला कळलं होतं, निदान तसं वाटलं होतं. पण यंत्राचं घड्याळ मी, निपाणीत सगळेच लावतात तसं, भोंग्यावर, म्हणजे इथल्याच वेळेवर लावलं.

पहिल्या दिवशी कामगार बायका आत गेल्यावर यंत्र सुरू झालं. त्यामुळे उशिरा आलेल्या जयाबाईचीच तेवढी नोंद झाली. ती दहाला आली. पडद्यावर उमटलं साडेतीन. सावकाश दुरुस्त करू म्हणून मी ते सोडून दिलं.

साडेतीनला तिचा नवरा मष्णू फाटकावरून आला.

"अण्णा, जयी आत्ता आत गेली."

"जेवून आली असेल."

"भाईर पडलीच न्हाय की! फाटकात मीच हाय न्हवं? सकाळी म्हटलं, महाराणी आल्या, वाजंत्री लावू काय? आत्ता बी तेच तोंडातनं गेलं. ती बी तशीच हसली."

आम्ही चाळणीच्या खोलीत गेलो. धुळीत, नाकाला पदर बांधून, दोन जयाबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाकीच्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"असं काय बघतासा?" दोघींनी एकदम विचारलं.

मष्णूनं माझा दंड धरला. "सकाळची ठेवा, अण्णा. ती माझी हाय."

मी यंत्रापाशी गेलो. जयाबाईच्या ओळीतल्या साडेतीनातून साडेपाच तास वजा केले. पडद्यावर दहा आले. माझ्यावर माझा कधीच भरवसा नव्हता, म्हणून पुन्हा तपासलं. दहाच होते.

परतलो तेव्हा एकच जयाबाई तंबाखू चाळत होती.

"हीच," मष्णू म्हणाला. तो रडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बरोबरच आली.

"आज येळेवर आणली बघा, अण्णा!" मष्णू हसला.

कोवळ्या उन्हात फाटकासमोर बायकांची गर्दी होती. सगळ्यांच्या सावल्या पश्चिमेला पडल्या होत्या.

जयाबाईची, दुपारी साडेतीनला पडते तशी, सूर्याकडे पडली होती.