राफाएलचं विसर्जन

बस गं भाग्यश्री, चहा घे. आल्या दिवसापासून तुझे डोळे माझ्या देव्हाऱ्याकडे लागलेत, मला काय कळत नाही? अन्नपूर्णा आहे, बाळकृष्ण आहे, आणि मध्येच हा पंखवाला, तलवारवाला कोण? सांगते. दिवा लावलाय, अविनाश बँकेतून यायला वेळ आहे. फक्त मध्ये बोलू नकोस. एकदा थांबले की मला पुढे सांगवत नाही.

सुरुवात अगदी साधी. अविनाशची बदली होऊन आम्ही इकडे बंगालात, एंटालीतल्या या इमारतीत आलो, त्याच वर्षीचे गणपती. मी समोरच्या ॲग्नेस आंटींना मोदक द्यायला गेले. ॲग्नेस गोम्स, टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. लग्न नाही, मूलबाळ नाही. एक डोळा लहानपणीच गेलेला आणि आता दुसऱ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन ठरलं होतं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांशी भांडून त्यांनीच ती तारीख घेतली होती.

मी म्हटलं, "आंटी, मुहूर्त तुमच्यातही बघतात वाटतं?"

हसल्या. त्यांची हिंदी-बंगाली-इंग्रजी मिसळ मी मराठीतच सांगते. "तो दिवस मोठ्या देवदूतांचा सण असतो, मंगला. तिघं आहेत ते. गॅब्रिएल देवाचा निरोप आणतो. मायकल सैतानाशी लढतो, आणि माणूस मरताना त्याच्या आत्म्याचं वजन करतो. आणि हा माझा राफाएल. हा वैद्य. वाटेवरचा सोबती."

टेबलावर प्लास्टरचा पुतळा होता, हातभर उंच. निळा झगा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मासा. आंटींनी गोष्ट सांगितली. एका आंधळ्या म्हाताऱ्याचा मुलगा प्रवासाला निघाला, त्याला वाटेत एक अनोळखी सोबती भेटला. नदीत मासा सापडला, तर सोबती म्हणाला, याचं पित्त जपून ठेव. घरी येऊन ते बापाच्या डोळ्यांना लावलं आणि बापाला दिसायला लागलं. तो सोबती म्हणजे राफाएल.

"मी उद्यापासून हॉस्पिटलात. याच्यापुढे मेणबत्ती लावायला कोणी नाही," आंटी म्हणाल्या. "तू लावशील? एकच डोळा उरलाय गं माझा..."

मी हो म्हटलं. तोंडभरून म्हटलं.

आणि घरी आणून त्याला कुठे ठेवलं, माहितेय? फ्रिजवर, मिक्सरच्या खोक्यामागे. हातात मासा ना त्याच्या! गणपती घरात बसलेले, सोवळंओवळं, तिथे मासा कसा चालेल? मेणबत्ती पहिल्या संध्याकाळी लावली. मग आरत्या, पाहुणे, वाटली डाळ. राहून गेलं. लाज वाटते सांगायला, पण राहूनच गेलं.

चतुर्दशीला सकाळी फ्रिजवरून दिव्यांच्या माळांचं खोकं ओढलं आणि राफाएल खाली आला. एक पंख खांद्यापासून तुटला.

आपल्यात भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, त्यातून गणपतीच्या दिवशी! आंटींना फोन करावा, असं मनात आलं गं. आलं होतं. पण उद्या ऑपरेशन, त्यांना कशाला घोर, असं मीच मला समजावलं. खरं सांगू? घोर माझा मला नको होता.

संध्याकाळी गंगेवर, बाबूघाटावर गेलो. गणपतीबरोबर मी त्यालाही घेतलं. आपण मानानं निरोप देतो तसाच दिला. अक्षता वाहिल्या, माझ्या हातची दुर्वांची जुडी, लाल लोकरीने बांधलेली, त्याच्या हातात माशापाशी अडकवली. आमची नूपुर इथेच वाढतेय, तिचं मराठी तुला ठाऊक आहे. म्हणाली, "आई, एंजेलला का डुबवतेस? तो तर आंटीचा आहे."

"गप्प बस," म्हटलं मी, आणि पाण्यात सोडला. गणपतीला म्हणून झालंच होतं, त्याच सुरात, हात जोडून, ओठातल्या ओठात त्यालाही म्हणाले, "लवकर या." सवयच ती जिभेची. कोणी ऐकलं नाही. नूपुरनेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आंटींचं ऑपरेशन झालं. मी एस्प्लनेडच्या बाजारात गेले. तिथल्या एका गल्लीत क्रूस, मेणबत्त्या विकणारं दुकान आहे. म्हटलं, पंखवाला द्या. त्यांच्याकडे हा एकच होता, तलवार आणि तराजूवाला. दोन्ही पारडी अगदी समान, एका रेषेत. उंची तेवढीच, झगाही निळा. आणि तेव्हा माझ्या मनात काय आलं, ते तुला सांगते. मी म्हटलं, त्यांना दिसतंय कुठे!

असं म्हटलं मी. मनातल्या मनात, पण म्हटलं.

आंटी घरी आल्या. डोळ्यावर पट्टी, आत औषधी वायू भरलेला, म्हणून दिवसरात्र मान खाली घालून बसायचं. टेबलावर उशी, उशीवर कपाळ. मी वरणभात घेऊन गेले तर पहिला प्रश्न, "माझा राफाएल?"

मी काखेतला पुतळा त्यांच्या हातात दिला. त्या बोटांनी पंख चाचपायला लागल्या. खांद्यापाशी पुन्हा पुन्हा.

"इथे जोड होता," म्हणाल्या. "हा पंख दोनदा तुटला होता. दोनदा मी चिकटवला. आमच्यात मोडला म्हणून कोणी संताला टाकत नाही..."

ताट माझ्या हातात तसंच राहिलं. आंटींची बोटं खाली सरकली, आणि तराजूवर थांबली.

"मंगला... हा मायकल आहे. याला इथे कोणी बोलावलं?"

आणि मी, दोन वेळा देवापुढे हात जोडणारी बाई, काय म्हणाले? "काहीतरीच काय आंटी! तुमचाच आहे."

"माझाच?"

"तुमचाच."

"मग माझी बोटंही गेली म्हणायची," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की मला तिथेच रडू यायला हवं होतं. आलं नाही. मी ताट ठेवलं आणि पळाले.

त्याच दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि दिवे गेले. मी दारापाशी मेणबत्ती शोधत होते. आधी वास आला. गंगेच्या गाळाचा, कुजलेल्या झेंडूचा, आणि त्यात मासळीचा. मग जिन्यावर पावलं. अनवाणी, ओली. चपक... चपक. एकेका पायरीवर थांबत, थकलेलं माणूस चढतं तशी. त्याबरोबर काठी टेकल्याचा आवाज. मी दार लोटून घेतलं, पण फटीतून बघायचं धैर्य काही झालं नाही. पावलं माझ्या दारापाशी थांबली. कपाळ दाराला लावून मी उभी होते, पलीकडून पाणी ठिबकत होतं. मग ती समोर वळली.

आंटींचा आवाज आला. "आलास...? किती भिजलायस रे!"

उत्तर ऐकू आलं नाही. मधून मधून आंटीच बोलत होत्या, एखाद्या जुन्या माणसाशी बोलावं तशा. माझ्या मनात एकच... की त्या पुतळ्यांच्या अदलाबदलीपायी यांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळे. शेवटी शांत झालं, तेव्हा मी दार उघडून गेले.

आंटी तशाच बसलेल्या, कपाळ उशीवर, पट्टी जागच्या जागी. फरशीवर पाण्याचं थारोळं.

"आंटी, कोण आलं होतं?"

"मला पाय तेवढे दिसले. चिखलाचे."

"पण पट्टी..."

"हो ना. पट्टी आहे." त्यांनी मूठ उघडली. "हे तुझं आहे म्हणाला. तू लवकर ये म्हणालीस, म्हणून लवकर आला."

तळहातावर दुर्वांची जुडी होती. ओली. लाल लोकर माझीच, गाठ माझीच.

मी टेबलाकडे पाहिलं. तराजूवाला तिथे नव्हता.

"त्याला घेऊन गेला," आंटी म्हणाल्या. "हा तुमच्यासाठी नाही, म्हणाला. ज्यांनी आणलाय, त्यांच्याकडे पोचवतो."

मी घरी आले. गणपतीचा चौरंग अजून उचलला नव्हता. त्यावर हा तराजूवाला उभा होता, तळाशी ओला.

आंटींची पट्टी निघाली. त्यांना छान दिसतं, सुईत दोरा ओवतात आता. डॉक्टरसुद्धा चकित झाले. मी बुडवला तरी त्याने आपलं काम केलं बघ. आणि मी? याला पुन्हा बुडवायची माझी छाती नाही. देव्हाऱ्यात ठेवलाय. जवळ जाऊन बघ. एकसंध प्लास्टर आहे, एका साच्यातलं, हलायला जागाच नाही. पण दुकानात समान होती ना ती पारडी? डावं बघ किती खाली आलंय, तळाला टेकायला बोटभरच उरलंय. आंटी मला अधूनमधून विचारतात, "मला काही सांगायचंय का?" आणि मी दर वेळी...

थांब, बेल वाजली. आंटीच असणार, या वेळेला येतात.

"या ना आंटी. ही भाग्यश्री, आमच्या पुण्याची. काय म्हणता...? नाही हो. तुम्हाला सांगण्यासारखं काय असणार माझ्याकडे? काही नाही. खरंच काही नाही."

गेल्या. अशी बघू नकोस माझ्याकडे, भाग्यश्री. जीभच वळत नाही गं.

ऐकलंस? देव्हाऱ्यात... काहीतरी खाली टेकलं.