चष्म्याच्या उलट्या तारा

हसायचं असेल तर खुशाल हसा. पण हे माझ्याच घरात घडलंय. नाशिक रोडला, गेल्या भाऊबीजेला, भर दुपारी.

माझे बाबा, वेणीमाधव, विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे बनवायचे. ऑफिसने भंगारात काढलेला जुना कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला होता. त्याच्या पडद्यावर दोन जागांवरून काढलेले दोन फोटो एकावर एक दिसतात. खास चष्मा आळीपाळीने एकेक डोळा झाकतो, आणि जवळचं जवळ, लांबचं लांब दिसतं.

असा घरचा एकच फोटो होता. पुढे खुर्चीत बाबा. मागे दारात माझी बहीण, आभा.

आभा डेंग्यूने गेली.

"एकदा तिला नीट बघू दे रे," बाबांचा धोशा चालू होता.

मूळचा चष्मा फुटलेला. मी गेम खेळणाऱ्यांचा स्वस्तातला चष्मा मागवला. त्याची पिन जुन्या कॉम्प्युटरला बसेना. मग जुन्या चष्म्याची वायर कापून याला जोडली.

चष्मा लावून बाबा पडद्याकडे वाकले.

"शौनक, मी मागे गेलो रे. ती पुढे आलीय."

डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल झाली होती, म्हणून जवळचं लांब आणि लांबचं जवळ. घाईत माझंच चुकलं.

"थांबा, सरळ करतो."

"नको. असंच व्हायला हवं होतं. आधी मी जायचं होतं."

मला रडू आवरेना. पण चुकीची जोडणी माझ्याच्याने बघवत नाही. कॉटवर बाबांचा डोळा लागला, तसा मी त्यांच्या पायाशी बसून तारा बदलल्या. चष्मा लावला.

बाबा पुढे आले होते. खुर्चीसकट.

आणि मागे दारात...

कोणीच नव्हतं.

चष्मा काढला. साध्या नजरेला सगळं दुहेरी दिसतं. दोन बाबा. दोन खुर्च्या. दोन दारं...

आभा एकही नाही.

बाहेरचे फटाके थांबले होते. कॉट करकरली. बाबा जागे झाले होते. चष्मा तर माझ्या हातात होता. तरी ते माझ्या खांद्यामागे बघून हसत होते.

"अरे, सरक ना जरा. केव्हाची उभी आहे ती."

मी सरकलो.

तारा मी पुन्हा उलट्या करून पाहिल्या. दार रिकामंच आहे.

बाबा आता फोटो बघायला मागत नाहीत. रोज जेवताना फक्त विचारतात, "ती जेवली का?"

मी हो म्हणतो.