पाठीवरच्या गोल रेघा

सकाळी नऊला जुनी चित्रं पारखणारी दमयंती जपानमधल्या कावासाकी शहरातल्या संग्रहालयात पोहोचली, तेव्हा क्षितिज रडायच्या बेतात होता.

"ताई, मी चित्र बदललं नाही."

चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी; तांब्याच्या पत्र्यावरून छापून हाताने रंगवलेलं. मेजवानीत सूप सांडणारा गलेलठ्ठ राजपुत्र, आणि वाढप्याकडे बोट दाखवणारा त्याचा मंत्री. कपाटात आता त्याची नक्कल होती. किल्ली पीएच.डी. करणाऱ्या क्षितिजकडे. दुपारपर्यंत उलगडा झाला नाही, तर संचालिका मोरी-सान विद्यापीठाला कळवणार होत्या. मग शिष्यवृत्ती जाणार आणि व्हिसाही.

कागद-दुरुस्ती करणारे शिरीष सर बारा वर्षं क्योतोत लाकडी ठशांची जपानी छपाई शिकलेले. पोरगा चांगला आहे, मोह झाला असेल, असं ते हळहळत म्हणाले. दमयंतीला ती हळहळ फार तयार वाटली.

"चित्र बाहेर कधी गेलं होतं?" तिने क्षितिजला विचारलं.

"दोनदा. फोटो काढायला एक दिवस, आणि सरांकडे तीन आठवडे."

"कोरड्या ब्रशने धूळ झटकली, बस," शिरीष म्हणाले.

दमयंतीने नक्कल तिरप्या उजेडात धरली. तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर होता. मग तिने ती उलटी केली. पाठीवर बारीक गोल रेघा होत्या.

"क्षितिज, तू कधी छपाई केलीस?"

"नाही. मी नुसता इतिहास वाचतो."

ती तडक शिरीष यांच्या खोलीत गेली; बाकीचे मागोमाग आले. कागद सुकवायच्या फळीवर एक कोरा कागद ताणून चिकटवला होता. तिने तो सोडवला. खाली मूळ चित्र होतं, आणि राजपुत्राच्या कोटाचा लाल रंग चित्रातल्या टेबलभर पसरला होता.

"डाग काढायला तुम्ही हे पाण्यात घातलंत, सर. रंग ब्रशने भरलेला, तो फुटला. म्हणून लाकडावर कोरून नक्कल केलीत. पत्र्याचा दाबही आठवणीने उठवलात. पण पत्र्यावरचं चित्र रुळाच्या दाबाखाली छापतात, पाठ कोणी घासत नाही. बारेनने, त्या गोल गादीने, जपानी छपाईतच घासतात. तुमच्या हाताने सवयीने घासलं."

शिरीष खाली बसले. "बारा वर्षांचं नाव होतं, दमयंती."

"क्षितिजचं नाव तर अजून व्हायचंय."

मोरी-साननी विद्यापीठाचं पत्र फाडलं. क्षितिज चित्राकडे बघत राहिला. रंग वाहून गेला होता, शाई शाबूत होती. मंत्र्याचं बोट अजून वाढप्याकडेच होतं.