चांगदेवचा घोट

आधीच सांगतो, ही कुठून तरी उडत उडत आलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलेली आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. उगाच मागाहून 'भास झाला असेल' म्हणून शहाणपण शिकवू नये.

भास एकदा होतो. दर रविवारी होत नाही.

साल दोन हजार आठ. डिसेंबरची थंडी. जागा म्हणजे दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचा कॅनॉल.

माझा मावसभाऊ हनुमंत भांडगावजवळच्या एका कंपनीत मशिनवर होता. त्याचा जोडीदार चांगदेव त्याच आळीतला, त्याच शिफ्टला. पुण्यातल्या एका शर्यतीचा कागद कंपनीत बोर्डावर लागला आणि दोघांनी नावं देऊन टाकली. पन्नास किलोमीटर. अल्ट्रामॅरेथॉन! हा शब्द आमच्या गावात कुणाच्या जिभेवर बसेना. पोलीस मागं लागलेत का रे, म्हणून पोरं टिंगल करायची. चांगदेव म्हणायचा, आपल्या आज्यांनी मेंढरांमागं चालत कोकण पालथं घातलं, आपल्याला पन्नास किलोमीटरचं काय कौतुक?

दोघांची एक पद्धत होती. शनिवारी संध्याकाळी सायकलवर जायचं आणि कॅनॉलच्या भरावावर लांब एक लिंबाचं झाड आहे, त्याच्या फांदीला पाण्याची बाटली बांधून यायची. रविवारी पहाटे पळत तिथवर पोचायचं, पाणी प्यायचं, झाडाला वळसा घालून माघारी.

चांगदेव आधी प्यायचा. घटाघटा. तळाला फक्त एक घोट ठेवायचा आणि बाटली पुढं करायचा, 'हा तुझा.' हनुमंत शिव्या घालायचा. मग चांगदेव हसत हसत कमरेची दुसरी बाटली काढून द्यायचा.

दिवाळी झाली आणि चांगदेव गेला.

हायवे ओलांडताना टेम्पोनं उडवलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सकाळी ऑपरेशन आहे, पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. हनुमंत उशाशी बसून होता. चांगदेव सारखं एकच मागत होता... "हनम्या, घोटभर दे."

हनुमंतनं दिलं नाही. डॉक्टरांचंही बरोबर होतं आणि हनुमंतचंही. पण ऑपरेशनच्या आधीच चांगदेव गेला. तहानलेलाच गेला.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. चांगदेवच्या वडिलांनी, ज्योतिबा आप्पांनी हात जोडले. सुनेला, पोरांना अंतर देणार नाही म्हणाले. कावळे नुसते झाडावर बसून. ऊन चढलं. बायकांची रडारड सुरू झाली.

शेवटी हनुमंत पुढं झाला. म्हणाला, "चांग्या, तुझी शर्यत मी पुरी करतो."

शब्द तोंडातून निघतो न निघतो, तोच कावळा उतरला.

झालं! आता हे पळणं हौसेचं राहिलं नाही. गेलेल्या माणसाला चार माणसांदेखत दिलेला शब्द होता. शर्यत अर्धवट सुटली तर चांगदेवला आणि आप्पांना काय तोंड दाखवणार?

त्यानं एकट्यानं पळायला सुरुवात केली. बाटली बांधायची तशीच बांधली. त्याच झाडाला, त्याच फांदीला.

पहिल्या रविवारी धापा टाकत झाडापाशी पोचला.

बाटली जागेवर होती. दोरी तशीच. झाकण घट्ट.

आत पाणी नव्हतं...

हनुमंतचं डोकंच फिरलं. कोरड्या घशानं परत फिरला, अर्ध्या वाटेत पोटऱ्यांत गोळे आले, लंगडत घरी. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. जवळच ऊसतोडीची टोळी उतरली होती, तिथं जाऊन हा तणतणून आला. ती बिचारी माणसं म्हणाली, आम्ही कशाला तिकडं जाऊ, आमच्याकडं टँकर येतो. मग यानं बाटली वरच्या फांदीला बांधली. मग दगडाखाली लपवली. मग लपवायची जागाच बदलली.

बाटली रिकामीच.

थंडीत पहाटे उठायचं, अंगाचं भरीत करून घ्यायचं आणि पाण्यावाचून अर्ध्यातून घरी यायचं. पल्ला काही केल्या वाढेना. शर्यत जवळ येत चालली. हनुमंत घरात कुणाशी धड बोलेना. त्याची बायको प्रतिभा वैतागून म्हणाली, अहो, दोन बाटल्या कमरेला बांधा आणि विषय संपवा की. हा ऐकेल तर ना! माझं पाणी पितंय कोण, ते बघणारच, म्हणाला. पहिल्यापासून हट्टी. आमच्या मावशीनं लाडावून ठेवलाय.

एका शनिवारी त्यानं बाटली बांधली आणि भरावाखाली दबा धरून बसला.

तिन्हीसांज झाली. ऊसतोडीच्या खोपटांतला धूर खाली बसला. कुणी येईना.

मग रातकिडे थांबले.

टोळीची कुत्री भुंकत होती, तीही गप्प झाली...

आणि वरून आवाज आला.

घट्... घट्... घट्...

माणूस पाणी पितो ना, अगदी तसा. हनुमंत काठी घेऊन भराव चढून वर गेला. आज सापडलाच, म्हणून.

झाडाखाली कुणी नव्हतं. बाटली फांदीला होती. हलतही नव्हती.

त्यानं ती ओढून काढली आणि मावळतीच्या उजेडात धरली. रागाच्या भरात इतके दिवस जे नीट बघितलं नव्हतं, ते त्याला तेव्हा दिसलं.

तळाला एक घोट पाणी होतं.

एकच घोट. ठेवल्यासारखा.

हनुमंत तिथंच खाली बसला.

रात्री तो ज्योतिबा आप्पांकडं गेला. ज्याचा मुलगा गेला त्याच्याचपुढं हे बोलायचं म्हणजे जीभ जड होते. पण सांगितलं सगळं. आप्पा म्हणाले, "दहा दिस दिव्यापाशी पाणी ठेवत्यात. त्येच्याफुडं न्हाई. गेलेल्याला नदी दिसत न्हाई, कॅनॉल दिसत न्हाई. आपल्या मान्सानं ठेवलेलं तेवढंच पोचतं. तू दर आठवड्याला पाजतुयास त्येला. मग त्यो जाईल कसा?"

हनुमंतनं विचारलं, आता काय करू?

"झाडाला काय बांदू नगंस. मागितलं तरी दिऊ नगंस. आन् माघारी वळून बघू नगंस." एवढं बोलून आप्पांनी डोळ्याला धोतराचा सोगा लावला. स्वतःच्या पोराला पाणी देऊ नको म्हणून सांगायचं... कसं बोलवलं असेल त्या माणसाला, कुणास ठाऊक.

रविवारी हनुमंत निघाला. शर्यतीआधीची ही शेवटची मोठी धाव. झाडाला काही बांधलं नव्हतं. बाटली हातात होती.

धुकं असं की पावलापुढचं दिसेना. झाड आलं. त्यानं मान खाली घातली, वळसा घेतला आणि गावाकडं तोंड करून पळत सुटला.

मागं काही नाही.

पाऊल नाही. आवाज नाही. त्याला हायसं वाटलं. सुटलो, म्हणाला.

आणि मग...

फट्... फट्... फट्...

चांगदेवच्या एका बुटाचा तळ सुटला होता. पळताना असाच वाजायचा. हनुमंतनं दात आवळले. माघारी बघायचं नाही. काही झालं तरी बघायचं नाही.

दोन पावलं टाकली आणि त्याच्या ध्यानात आलं.

आवाज मागून येतच नव्हता.

पुढून येत होता.

गावाकडच्या बाजूनं, धुक्यातून, त्याच्या दिशेनं. अगदी जवळ येऊन थांबला. समोर नुसतं पांढरं धुकं...

"हनम्या, पानी हाय का रं?"

हनुमंत सांगतो, भीती नाही वाटली. राग आला. त्याच्या मरण्याचा राग, डॉक्टरचा राग, आप्पांचा राग. आधी एकदा नाही म्हणालो, आता पुन्हा मीच म्हणायचं? दुसरं कुणी नव्हतंच का? त्याचा हात आपोआप पुढं होत होता. तो त्यानं दुसऱ्या हातानं धरून मागं खेचला.

मग त्यानं झाकण काढलं आणि तिथंच उभं राहून सगळी बाटली स्वतः प्यायला.

ठसका लागला, नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांतून धारा लागल्या. तरी थांबला नाही. थेंबसुद्धा ठेवला नाही. बाटली उपडी करून धुक्याला दाखवली.

"संपलं, चांग्या. तुला न्हाई. जा आता."



मग धुक्यातून आवाज आला. रागानं नाही. रडवेलाही नाही. आपण कुणाकडं काही मागावं, त्याच्याकडं ते नसावं, आणि आपल्यालाच ओशाळल्यागत व्हावं, तसा.

"बरं... ऱ्हाऊ दे."

फट्... फट्... करत पावलं बाजूला वळली. कॅनॉलकडं. कॅनॉल त्या दिवशी काठोकाठ भरून वाहत होता. पावलं पलीकडं गेली.

पाणी वाजलं नाही.

हनुमंतनं शर्यत पुरी केली. शेवटचे काही किलोमीटर चालत, पण पुरी केली. आप्पांनी विचारलं, "गेला का रं?" हा म्हणाला, "गेला, आप्पा." बाकीचं त्यांना सांगितलं नाही. मलाच सांगितलं.

त्यानंतर त्याची बाटली कधी आपोआप रिकामी झाली नाही. गाव म्हणतं, सुटला चांगदेव. प्रतिभाही तेच म्हणते. मीही हनुमंतला तेच सांगतो. दर वेळी तो मान डोलवतो आणि मग मलाच विचारतो,

"सुटलेला मानूस असं बोलतो व्हय? ऱ्हाऊ दे म्हनून?"